वाचक विचारतात : बिल्डिंग मागे का पडते आणि गुडघे टेकायचे कुठे

मागच्या अंकात आपल्या नागपूर शहराचे फोटो खालून वर काढण्याबद्दल थोडं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की कुठे अडत असेल तर कळवा. पत्रं, मेसेज भरपूर आले. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यात बाकीच्यांचाही प्रश्न येऊन जातो अशी सहा निवडली. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं सांगितलं, तर मग कोणाचंच नाव दिलेलं नाही, फक्त मोहल्ला दिलाय.

मनीषनगरहून : मी हिशेबाचं काम करतो, वय ४१. दोन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरून राहिलो. खालून काढलेली भव्य बिल्डिंग असते ना, तसा फोटो मला पाहिजे, पण मी काढला की बिल्डिंग मागे पडून राहिली असं दिसते. रेल्वे स्टेशन, हायकोर्ट, झिरो माइल, सगळीकडे तेच. जमिनीवर झोपून पण पाहिलं. वाइड लेन्स घ्यावी का? घरी बायको म्हणते आधी आहे त्यात जमवा.

दादा, वहिनींचं ऐका, लेन्स आत्ता घेऊ नका. तुमचा प्रॉब्लेम लेन्सचा नाही, कॅमेऱ्याची मान वर होतेय त्याचा आहे. बिल्डिंग सरळ उभी आहे, आणि कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर फोटो उमटतो ती पट्टी, पण तिच्यासारखाच सरळ उभा असेल तर उभ्या रेषा फोटोत उभ्याच येतात. तुम्ही कॅमेरा वर उचलला की सेन्सर तिरका होतो, बिल्डिंगचा माथा पायथ्यापेक्षा लांब, म्हणून तो बारीक येतो आणि दोन्ही बाजूच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. झालं, बिल्डिंग मागे पडली. आता यात एक गंमतीची गोष्ट अशी की हे झुकणं थोडंसं असेल तर बघणाऱ्याला चूक वाटते आणि भरपूर असेल तर तेच मुद्दाम केलेलं वाटतं. तुमचे जे फोटो पाठवलेत त्यातले बहुतेक मधल्या ठिकाणचे आहेत, ना सरळ ना पूर्ण तिरके. म्हणून आधी ठरवायचं, सरळ पाहिजे का तिरकं, आणि मग जे ठरवलं ते पुरतं करायचं.

सरळ पाहिजे असेल तर मागे सरका. मोबाईलचा साधा कॅमेरा उभा धरून अगदी लेव्हलमध्ये ठेवला तर तुम्ही जितके लांब उभे आहात त्याच्या साधारण पाऊणपट उंची फ्रेममध्ये येते, थोडी कमीच धरा. म्हणजे ६० फुटांची बिल्डिंग असेल तर ८५-९० फूट मागे, पस्तीसेक पावलं. ग्रिड (स्क्रीनवरच्या उभ्या-आडव्या रेषा) आणि लेव्हल सेटिंगमध्ये असते ती चालू करून ठेवा. तिरकं पाहिजे असेल तर उलट, भिंतीला जवळजवळ चिकटून उभे राहा आणि सरळ वर बघा, इतकं की आकाशाचा एक तुकडाच उरेल.

आता झोपण्याबद्दल. हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण याच एका गैरसमजामुळे कितीतरी लोक पॅन्ट खराब करून घेतात आणि हाती काही लागत नाही. खाली बसल्यानं बिल्डिंग मोठी होत नाही हो. डोळ्याची उंची पाच फूट, झोपलात तर अर्धा फूट, साडेचार फुटांचा फरक ६० फुटांच्या भिंतीपुढे काय दिसणार? खाली बसल्यानं मोठं होतं ते तुमच्या आणि बिल्डिंगच्या मध्ये जे असेल ते. उभं राहून, कॅमेरा सरळ धरून फोटो काढला तर जवळच्या-दूरच्या सगळ्या माणसांचे डोळे साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात, क्षितिजाच्या. गुडघ्याएवढ्या उंचीवरून काढला की त्या रेषेवर सगळ्यांचे गुडघे येतात आणि डोकी वर जातात, आकाशात. म्हणजे संत्र्याच्या ठेल्यावरचा जो माणूस मघाशी बिल्डिंगच्या पायथ्याशी हरवून गेला होता तो आता बिल्डिंगच्या बरोबरीनं उभा आहे. लो अँगलचा, म्हणजे खालून वर काढण्याचा, सगळा जीव यात आहे असं मला मनापासून वाटतं. समोर कोणी नसेल, सायकल नसेल, पाण्याचं डबकं नसेल, तर खाली बसू नका, उभ्यानंच काढा.

झिरो माइलला जाऊन हे करून बघा. तिथे मधला दगडी खांब आहे आणि बाजूला चार घोडे. आधी लांबून काढा, मग एका घोड्याच्या अगदी जवळ जाऊन, कॅमेरा कमरेच्या खाली घेऊन काढा. दुसऱ्या फोटोत घोडा आभाळात उडी मारतोय आणि खांब त्याच्या मागे बारका होऊन गेलाय. लेन्स तीच. बदललं काय, तर अंतर आणि कॅमेऱ्याची उंची. आणि मागे मेट्रोचं स्टेशन येतं ते घोड्यानं झाकता येतं का तेही पाहा, दोन पावलं डावीकडे उजवीकडे होण्यात अर्धी फोटोग्राफी असते.

घुमटाचं वेगळं आहे. दीक्षाभूमीचा स्तूप किंवा हायकोर्टाचा घुमट, यांच्या जितके जवळ जाल आणि जितकं वर बघाल तितका घुमट खालच्या कठड्यामागे लपत जातो. स्तूप एवढा मोठा, पण जवळ गेलात तर गोलाई कापलीच जाणार. तिथे लांब राहणंच बरोबर. दीक्षाभूमीला एक अजून, ती आधी श्रद्धेची जागा आहे, १४ ऑक्टोबर १९५६ ची जागा आहे ती, तिथे लोक डोकं टेकवायला आलेले असताना आपण कॅमेरा टेकवून आडवे पडायचं नाही.

रेल्वे स्टेशनची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, म्हणजे बर्डीकडची, सीताबर्डीच्या बाजूची. सकाळी गेलात तर दगड मरगळलेला दिसेल, ऊन मागून येत असतं. दुपारी चारनंतर जा. ती इमारत १९२५ ची, जानेवारीत उद्घाटन झालेलं. मला दर वेळी तिथे उभं राहिलं की आठवतं की त्याच साली मॉस्कोत रॉडचेन्को नावाचा एक फोटोग्राफर स्वतः राहत होता त्याच बिल्डिंगच्या खाली उभा राहून, कॅमेरा जवळजवळ सरळ आभाळाकडे करून बाल्कन्या आणि लोखंडी शिडी काढत होता. आणि त्याच साली जर्मनीत लायकाचा छोटा, हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला. तोपर्यंत बहुतेक लोक कॅमेरा पोटाशी धरून वरून आत बघायचे नाहीतर स्टँडवर लावायचे, आणि रॉडचेन्कोची तक्रारच ही होती की सगळं जग बेंबीच्या उंचीवरून का काढायचं. तो म्हणायचा की आजच्या काळासाठी वरून खाली आणि खालून वर हेच खरे कोन. त्यानं हे आपल्या घराच्या अंगणात केलं हे लक्षात ठेवा, कुठे टूरवर जाऊन नाही.

महालहून : मी शिवणकामाचे क्लास घेते, वय ३३. मोबाईलवर फोटो काढते, फार आवड आहे. मागच्या महिन्यात बर्डीच्या मेन रोडवर फुटपाथवर मोबाईल जवळजवळ जमिनीला टेकवून वर बघणारा फोटो काढत होते, मेट्रोचे खांब आणि गर्दी असा. एक बाई थांबून माझ्यावर ओरडल्या, म्हणाल्या काय काढून राहिली खालून. लोक जमा झाले. मी फोटो दाखवला, त्यात काही नव्हतं, पण मला इतकं लाजल्यासारखं झालं की त्यानंतर बाहेर मोबाईल काढलाच नाही. मी चुकले का?

ताई, तुमच्या मनात काही नव्हतं हे मला कळतं आणि तुम्हाला जे वाटलं तेही कळतं. पण त्या बाई पण चुकल्या नाहीत. गर्दीत खालून वर धरलेला कॅमेरा बघून कुठल्याही बाईच्या पोटात गोळा येणारच, कारण असला घाणेरडा प्रकार खरंच होतो, कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि समोरच्या बाईला तुमचं मन दिसत नसतं, फक्त कॅमेरा कुठे आहे ते दिसतं. या विषयावर फोटोवाले बोलत नाहीत, बोललं पाहिजे.

मी स्वतः काही गोष्टी पाळतो. चालत्या गर्दीच्या मध्ये कॅमेरा खाली नेत नाही, कधीच. एका कडेला, पायरीवर किंवा ओट्यावर बसतो, म्हणजे मी बसलेला माणूस आहे हे सगळ्यांना लांबून दिसतं, आणि कॅमेरा मांडीवर किंवा छातीशी असतो, जमिनीवर नाही. माणूस तीन-चार मीटर लांब असतानाच काढतो, अंगावरून जाताना नाही. कोणी विचारलं तर लगेच स्क्रीन दाखवतो, आणि समोरचा म्हणाला काढून टाका तर त्याच्यासमोर डिलीट करतो, कितीही चांगला असला तरी, वाद घालत नाही. एखादा फोटो गेल्यानं काही बिघडत नाही, पण त्या माणसाच्या मनात शहराबद्दल जी भीती बसते ती जात नाही.

आणि जमिनीला टेकवून काढायचं असेल तर सकाळी सातच्या आत बर्डीला जा, दुकानं बंद, शटरवर ऊन, झाडूवाल्या मावशी आणि पेपरवाले एवढेच. त्यांच्याशी आधी बोला. एखाद्या मावशींना सांगून, त्यांच्या झाडूच्या उंचीवरून काढलेला फोटो तुमच्या त्या खांबांच्या फोटोपेक्षा कितीतरी वर जाईल. आणि प्रिंट काढून त्यांना नेऊन द्या ताई, हे नक्की करा. बाहेर पडा परत, एवढीच विनंती.

कामठी रोडवरून : मी बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गड्डीगोदामचा पूल खालून काढतो, पण आकाश पांढरं फट्ट येते आणि पूल काळा. कसं करू?

पूल भारीच निवडला भाऊ. खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो, चार थर एकावर एक. वर्धा रोडवर पण ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे, पण गड्डीगोदामला ते चारही थर एका फ्रेममध्ये बसवण्यात मजा आहे.

वर बघितलं की फ्रेममध्ये आकाश जास्त येतं आणि कॅमेऱ्याला वाटतं की उजेड खूप आहे, तर तो सगळंच गडद करतो. स्क्रीनवर पुलाच्या खालच्या बाजूला बोट दाबून धरा, एक्स्पोजर (उजेडाचं माप) लॉक झालं की सरकपट्टी हळूहळू वर न्या. आकाश पांढरं पडेल, पडू द्या, किंवा मग आकाश कमीत कमी घ्या, दोन गर्डरच्या मधली फट एवढंच. तिसरा मार्ग वेळ बदलण्याचा. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं आणि पुलावरचे दिवे लागलेले असतात, दोन्हींचा उजेड जवळपास सारखा होतो, त्या वेळात काढलेल्या फोटोला नंतर काही करावंच लागत नाही.

आणि उन्हाचं गणित समजून घे, बीएससीचा आहेस म्हणून सांगतो. नागपूर २१ अंशाच्या थोडं वर, कर्कवृत्ताच्या खाली, म्हणजे मे संपता संपता एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायातच. म्हणजे नेमका नवतपा, सगळ्यात कडक उन्हाचे ते नऊ दिवस. तेव्हा वर कॅमेरा केला की सूर्यच फ्रेममध्ये, आणि डांबरावर मोबाईल ठेवलास तर तो तापून बंद पडतो. डिसेंबरात उलट, भरदुपारी सुद्धा सूर्य साधारण ४५ अंशावरच, दक्षिणेकडे कललेला. दिवसभर तिरपं ऊन, दक्षिणेकडच्या भिंतींवर खांबांच्या लांब सावल्या. खालून वर काढायचा नागपूरचा खरा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी आहे. पावसाळा डबक्यांसाठी ठेव. डबक्यातलं प्रतिबिंब कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ नेशील तितकं ठळक होतं, मोबाईल उलटा धरला की लेन्स खाली येते, पाण्यापासून दोन बोटांवर.

जागनाथ बुधवारीहून : मारबतीचा (तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीत नेतात त्या मोठ्या पुतळ्याचा) फोटो खालून काढला तर ती अजून मोठी, भीतीदायक दिसेल ना? दरवर्षी गर्दीत जमत नाही.

दिसेल, आणि दिसलीच पाहिजे. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची सांगतात, आणि ती बनवणाऱ्यांनीच ती मान वर करून बघायला बनवलीये. म्हणजे इथे तुम्हाला कोन शोधायचाच नाही, मारबतीनं तो आधीच देऊन ठेवलाय. "घेऊन जा गे मारबत" म्हणत जो माणूस हात वर करतो ना, त्याच्या कोपराच्या मागून, त्याच्याच उंचीवरून काढा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्या गर्दीत खाली बसायचं नाही, चेंगराल. अरुंद गल्लीत एखाद्या ओळखीच्या घराच्या पायरीवर आधीच जाऊन थांबा. आभाळ बहुतेक ढगाळ, पांढरं असतं, तर मारबतीच्या मागे आभाळ न घेता जुन्या घरांच्या गॅलऱ्या घ्या, त्यात बायका-पोरं वाकून बघत असतात, ते वरून खाली बघतायत आणि तुम्ही खालून वर, मध्ये मारबत. शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, मिरवणूक हलती असते.

आणि आदल्या आठवड्यात जाऊन बांबूचा सांगाडा, कागद चिकटवणारे हात, हेही काढून ठेवा. तुम्ही तिथेच राहता, बाहेरून येणाऱ्याला हे कुठून मिळणार.

धरमपेठहून : आठ वर्षं झाली फोटो काढतेय. हार्ड डिस्कवर चाळीस हजाराच्या वर आहेत. एका स्पर्धेत तीनदा पाठवले, लागले नाहीत, एकदा परीक्षक म्हणाले तुमचे सगळे फोटो सारखेच. ग्रुपवर टाकले की दहा-बारा लाइक. नोकरी, घर सांभाळून करतेय, आता वाटतं की कशासाठी? हे सोडून द्यावं का?

ताई, तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. तुम्ही सोबत पाठवलेले तीस फोटो पण बघितले, आणि परीक्षकांनी जे दोष म्हणून सांगितलं तेच मला सगळ्यात आवडलं. तीसपैकी एकोणीस फोटोंत जिना आहे, खालून बघितलेला जिना, आणि वर जाणारं कोणीतरी. हे तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही पत्रात कुठेच लिहिलं नाही. आठ वर्षं तुमचा हात आपोआप जिन्याकडे जातोय. स्पर्धेला एक फोटो लागतो, त्याला या एकोणिसांचं काय करायचं ते कळणार नाही, तो दोष स्पर्धेचाही नाही, ती वेगळी गोष्ट आहे एवढंच.

व्हिव्हियन मायर नावाची बाई शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची. आया होती. मुलांना फिरायला नेताना गळ्यात रोलीफ्लेक्स, पोटाशी धरून वरून आत बघायचा तसलाच कॅमेरा ज्याच्यावर रॉडचेन्को चिडायचा. पण तिनं त्याचा काय उपयोग केला बघा, लेन्स कमरेच्या उंचीवर, नजर खाली, समोरच्याला वाटतच नाही की आपल्याकडे कोणी रोखून बघतंय, आणि फोटोत तो माणूस थोडा खालून दिसतो, म्हणून रस्त्यावरचा फाटका माणूस सुद्धा ताठ, मोठा दिसतो. एक लाखाच्या वर निगेटिव्ह. जवळजवळ कोणाला दाखवले नाहीत, कितीतरी रोल तर डेव्हलप पण केले नाहीत. २००७ मध्ये तिचं सामान लिलावात विकलं गेलं, त्यातून ते फोटो बाहेर आले, आणि २००९ मध्ये ती गेली, नाव होण्याआधीच. मी हे यासाठी सांगत नाहीये की तुम्हाला पण मागून नाव मिळेल. मी हे सांगतोय कारण मला त्या फोटोंमध्ये कुठेच असं दिसत नाही की ही बाई कोणाची वाट बघतेय. ती काढत होती कारण तिला बघायचं होतं.

सोडू नका. पण चाळीस हजार असे पडू देऊ नका, त्यांचंच ओझं झालंय तुम्हाला. यातले फक्त जिने वेगळे काढा, दोन-तीन महिने लागतील, लागू द्या, नवीन फोटो त्या काळात नाही काढले तरी चालेल. त्यातले शंभर चार बाय सहाचे साधे प्रिंट लॅबमधून काढून आणा, हॉलमध्ये जमिनीवर पसरा आणि घरच्यांना चप्पल काढून त्यांच्यामधून फिरू द्या. मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख आणि जागा लिहा, कारण यातले अर्धे जिने दहा वर्षांत राहणार नाहीत, जुनी घरं पडतायत, तुमच्या धरमपेठेतलीच बघा. कोणाच्या घराचा जिना आहे ते माहीत असेल तर तेही लिहा. मग त्या शंभरातले वीस मला आणून दाखवा, मी खरंच बोलावतोय, या अंकाच्या ऑफिसच्या पत्त्यावर कळवा.

अयोध्यानगरहून : मी ६८ वर्षांचा. रिटायर झाल्यावर मुलानं कॅमेरा घेऊन दिला. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, खाली बसता येत नाही. लो अँगल आमच्यासाठी नाहीच का?

काका, वर मनीषनगरच्या दादांना जे लिहिलं ते आधी वाचा, बिल्डिंगसाठी खाली बसायची गरजच नाही. माणसांसाठी तुमच्या कॅमेऱ्याची स्क्रीन उघडून वरच्या बाजूला वळते, तुम्ही मॉडेल लिहिलंय त्यात ती सोय आहे. पट्टा लांब करा, कॅमेरा मांडीजवळ सोडा, स्क्रीन वर करून उभ्यानं बघा. टायमर दोन सेकंदांचा लावा म्हणजे बटण दाबताना हलत नाही.

आणि शहरच तुमच्यासाठी खाली-वर आहे. जिन्याच्या खाली उभे राहिलात की उतरणारी सगळी माणसं आपोआप तुमच्या वर येतात. रामझुला पुलाच्या पायथ्याशी जा, वर ताणलेल्या केबल आणि त्यांच्याखालून चाललेले लोक, तुम्ही कठड्याला टेकून उभे. फुटाळा तलावावर पाण्याच्या कडेच्या पायऱ्यांवर खालच्या पायरीवर उभे राहा, नातवाला वरच्या पायरीवर पळू द्या, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, हिवाळ्यात. पहिले दोन-तीन फोटो लगेच पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवतो.